घराची वार्षिक स्वच्छता : कामांची निवड आणि क्रम

घर स्वच्छ असावे, हे पटवून देण्यासाठी कोणत्याही शास्त्राची आवश्यकता नाही. वर्षातून एकदा तरी माळ्यावरची अडगळ खाली उतरते, कोपऱ्यांतील जळमटे निघतात, अंथरुणे उन्हात पडतात आणि डबे घासूनपुसून पालथे घातले जातात, हा आपल्या देशातील बहुतेक घरांचा परिपाठ आहे. शास्त्राचे साहाय्य लागते ते दुसऱ्याच ठिकाणी. कामे पुष्कळ, दिवस मोजके आणि हात थोडे, अशी प्रत्येक कुटुंबाची स्थिती असते. त्यामुळे आरंभीचा उत्साह भांडी लखलखीत करण्यात व पडदे धुण्यात खर्ची पडतो. सण दाराशी येतो. आणि पाण्याची टाकी, न्हाणीघरातील ओल किंवा धान्याच्या कोठीचा तळ पुढच्या वर्षावर ढकलला जातो. डोळ्यांना खुपणारी घाण निघून जाते, परंतु आरोग्याला खुपणारी घाण घरातच राहते.

हे टाळावयाचे असेल, तर काम हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे शोधली पाहिजेत. पहिला प्रश्न असा : कोणते काम अधिक महत्त्वाचे? दुसरा प्रश्न असा : कोणते काम आधी करावयाचे? वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण तसे नाही. महत्त्व ठरते ते काम राहून गेल्यास होणाऱ्या हानीवरून. क्रम ठरतो तो धूळ, पाणी, ऊन व वाळण्याचा काळ यांच्या स्वाभाविक नियमांवरून. या दोहोंची गल्लत झाली, की श्रम वाया जातात.

ऋतू आणि स्वच्छता

थंड देशांत ही वार्षिक स्वच्छता वसंत ऋतूत करण्याची पद्धत आहे. त्याचे कारण उघड आहे. हिवाळाभर दारे-खिडक्या बंद ठेवून कोळसा व लाकूड जाळावे लागे. भिंतींवर व पडद्यांवर काजळी साचे. थंडी ओसरताच खिडक्या उघडून ती काढून टाकणे शक्य होई. इराणात नवरोजपूर्वी संपूर्ण घर झाडून काढण्याची जुनी प्रथा आहे, आणि आपल्याकडील पारशी कुटुंबेही २१ मार्चच्या सुमारास येणाऱ्या जमशेदी नवरोजसाठी घरे स्वच्छ करतात.

भारतात मात्र एकच एक ऋतू सांगता येत नाही, कारण आपला पाऊस सर्वत्र एकाच वेळी पडत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सप्टेंबरच्या मध्यानंतर वायव्य भारतातून माघार घेऊ लागतात आणि साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशाच्या बहुतेक भागांतून निघून जातात. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील दिवाळीपूर्वीची स्वच्छता नेमकी याच सुमारास येते. चार महिन्यांची ओल भिंतींत मुरलेली असते आणि तिला घालविण्यासाठी आश्विनाचे कडक ऊन लाभते. तमिळनाडूत परिस्थिती निराळी आहे. तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. आणि तेथील घरे झाडून जुन्या वस्तू टाकून देण्याचा भोगीचा दिवस पोंगलच्या आदल्या दिवशी, म्हणजे जानेवारीच्या मध्यास, येतो. आसामात बोहाग बिहूपूर्वी व बंगालात नववर्षापूर्वी, म्हणजे एप्रिलच्या आरंभी, घरे आवरली जातात.

यावरून एक व्यावहारिक नियम काढता येतो. ज्या प्रदेशात आपण राहतो, तेथील पावसाळा संपून स्वच्छ ऊन पडू लागले, की ओलीशी संबंधित कामे हाती घ्यावीत. पाणी साचण्याशी संबंधित कामे मात्र पाऊस सुरू होण्यापूर्वीच एकदा उरकावीत. सणाची तारीख ही सोयीची आठवण आहे. खरे पंचांग ऊन व आर्द्रता यांचे आहे.

महत्त्व कशावरून ठरवावे

कागदावर घरातील सर्व कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न लिहावा : हे काम या वर्षी झालेच नाही, तर काय होईल? उत्तरांवरून कामांचे तीन वर्ग आपोआप पडतात. न झाल्यास कोणी आजारी पडेल, ती कामे पहिल्या वर्गातील. न झाल्यास वस्तूची वा इमारतीची नासाडी होईल, ती दुसऱ्या वर्गातील. न झाल्यास केवळ शोभा उणावेल, ती तिसऱ्या वर्गातील. तिसऱ्या वर्गातील कामे तुच्छ नव्हेत. लखलखीत समईने मन प्रसन्न होते, हेही खरेच. पण वेळ अपुरा पडला, तर काट मारावयाची ती या वर्गातील कामांवर.

पहिल्या वर्गात अग्रस्थान पाण्याच्या साठ्याला दिले पाहिजे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस जातीचा डास घाणेरड्या गटारापेक्षा घरातील तुलनेने स्वच्छ, साठविलेले पाणी पसंत करतो. पिंप, रांजण, हवा थंड करणाऱ्या कूलरची टाकी, फुलझाडांच्या कुंडीखालची बशी, गच्चीवर पडलेला फुटका डबा, ही त्याची जन्मस्थाने होत. मादी आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटविते. ही अंडी कोरड्या स्थितीत कित्येक महिने तग धरू शकतात व पुन्हा पाणी चढताच फुटतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. भांड्याची आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशाने खरवडून घासली पाहिजे. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण डास होण्यास सुमारे ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, असे सांगण्यात येते ते याच हिशोबाने. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात शोधून काढले. आपल्या शहरांत हिवताप पसरविणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हा डासदेखील गच्चीवरील उघड्या टाक्यांत व विहिरींत वाढतो. तेव्हा टाकी घासणे व तिचे झाकण घट्ट बसविणे, या एका कामाने दोन रोगांना आळा बसतो.

दुसरे स्थान ओल व बुरशी यांचे. बुरशीचे बीजाणू हवेत नेहमीच असतात. त्यांना रुजण्यासाठी हवा असतो तो ओलावा. भिंतीवरील काळे डाग पुसून वर रंग दिला, तर काही आठवड्यांत ते पुन्हा डोके वर काढतात. कारण गळका नळ, तुंबलेली पन्हळ किंवा गच्चीची भेग तशीच राहिलेली असते. येथे स्वच्छतेचा अर्थ पाण्याचा मार्ग शोधून तो बंद करणे, असा आहे. ज्यांना दम्याचा विकार आहे, त्यांच्या दृष्टीने हे काम विशेष निकडीचे होय.

तिसरे स्थान अंथरुणांचे. नेदरलँड्समधील फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांचे सहकारी यांनी १९६४ साली असे दाखवून दिले, की घरातील धुळीने होणाऱ्या त्रासाचे एक प्रमुख कारण म्हणजे धुळीत राहणारे माइट नावाचे सूक्ष्म जीव होत. कोळ्याच्या दूरच्या नात्यातील हे जीव मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढे लांब असतात, माणसाच्या त्वचेच्या गळून पडलेल्या कणांवर जगतात आणि गादी, उशी व गोधडी यांत वस्ती करतात. ते पाणी पीत नाहीत. हवेतील बाष्प शोषून घेतात. म्हणूनच दमट हवेत त्यांची संख्या वाढते. अभ्रे व चादरी ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास ते मरतात. गाद्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवाव्यात व घराबाहेरच झटकाव्यात. खोलीत झटकल्यास त्यांतील धूळ पुन्हा आपल्याच श्वासात येते.

चौथे स्थान धान्याच्या साठ्याचे. तांदूळ व गहू यांत होणारे सोंडे ओलसर धान्यात झपाट्याने वाढतात. धान्यातील ओलावा शेकडा १२ हून कमी असेल, तर ते पुष्कळ काळ सुरक्षित राहते. यासाठी धान्य उन्हात वाळवून, निवू देऊन मग डब्यात भरावे. गरम धान्य भरल्यास त्यातील वाफ झाकणाखाली थिजून पुन्हा ओल धरते. डब्याच्या तळाशी उरलेले जुने धान्य नव्यात कधीही मिसळू नये, कारण कीड नव्या धान्यात शिरते ती बहुधा त्यातूनच.

दुसऱ्या वर्गात वाळवीची पाहणी, पुस्तकांना व कपड्यांना लागणारी कसर, गंजू पाहणारे लोखंडी सामान, उंदरांची बिळे आणि विजेच्या सैल झालेल्या तारा ही कामे येतात. यांपैकी तारा व उंदीर यांनी प्रत्यक्ष धोका निर्माण केला असेल, तर ती कामे पहिल्या वर्गात घ्यावीत. यादी ही घराघरागणिक बदलणारी असते. तान्हे मूल, वृद्ध किंवा दमेकरी माणूस घरात असल्यास तिचे स्वरूप पालटते.

क्रम कशावरून ठरतो

महत्त्व ठरल्यानंतर क्रमाकडे वळू. येथे पहिला नियम गुरुत्वाकर्षणाचा. धूळ खाली पडते. म्हणून छताकडून जमिनीकडे यावे. आधी जळमटे, मग पंखे व माळा, नंतर फडताळे व खिडक्या आणि सर्वांत शेवटी फरशी. हे सर्वांनाच ठाऊक असते. पण धूळ किती वेळाने खाली पडते, याचा विचार सहसा केला जात नाही.

पाण्याइतक्या घनतेचा व १० मायक्रोमीटर व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने खाली येतो. दोन मीटर उंचीवरून जमिनीवर पोहोचण्यास त्याला सुमारे ११ मिनिटे लागतात. कणाचा व्यास दहापट कमी झाला, तर त्याचा वेग जवळजवळ शंभरपट कमी होतो. १ मायक्रोमीटर व्यासाच्या कणाला तेवढेच अंतर कापण्यास सुमारे १६ तास लागतील. शिवाय प्रत्यक्ष खोलीतील हवा कधीच पूर्णपणे स्थिर नसते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. जळमटे झाडल्याबरोबर फरशी पुसणे व्यर्थ आहे. खिडक्या उघड्या ठेवून निदान अर्धा तास थांबावे, म्हणजे जाड कण खाली बसतात आणि बारीक कण वाऱ्याबरोबर निघून जातात. दुसरी गोष्ट अशी, की कोरड्या केरसुणीने बारीक धूळ निघत नाही, ती फक्त जागा बदलते. ओलसर फडक्याला मात्र ती चिकटते व पाण्यात धुतली जाते. झाडताना नाका-तोंडावर कापड बांधावे, हे सांगण्याचे कारणही हेच.

दुसरा नियम वाळण्याच्या काळाचा. भेगा बुजविलेली भिंत, चुन्याचा हात, धुतलेली गादी यांना वाळण्यास वेळ लागतो, आणि आपल्या घाईने तो कमी होत नाही. म्हणून ज्या कामांनंतर थांबावे लागते, ती लवकर सुरू करावीत व थांबण्याच्या काळात इतर कामे करावीत. तिसरा नियम साधनांचा. शिडी एकदा बाहेर काढली, की सर्व खोल्यांतील उंचावरची कामे एकाच फेरीत उरकावीत. पंखे पुसण्यासाठी एकदा, जळमटांसाठी पुन्हा आणि माळ्यासाठी तिसऱ्यांदा शिडी हलविणे हा श्रमांचा अपव्यय होय.

कामांची साखळी

मोठमोठे कारखाने उभारताना शेकडो कामांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नातून १९५७ च्या सुमारास अमेरिकेत मॉर्गन वॉकर व जेम्स केली यांनी एक गणिती पद्धत विकसित केली. तिला निर्णायक मार्गाची पद्धत म्हणता येईल. तिचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक कामापूर्वी कोणते काम पुरे झाले पाहिजे, हे लिहून काढावे. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या साखळ्या जोडाव्यात. त्यांतील जी साखळी सर्वांत लांब, तीच संपूर्ण कार्याला लागणारा काळ ठरविते.

उदाहरणादाखल दोन खोल्या व स्वयंपाकघर असलेल्या घराचा विचार करू. माळा रिकामा करून जळमटे काढणे १ दिवस. भिंत खरवडून भेगा बुजविणे १ दिवस. ती वाळणे २ दिवस. चुन्याचा पहिला हात १ दिवस. दुसरा हात १ दिवस. फरशी धुऊन सामान लावणे १ दिवस. ही साखळी ७ दिवसांची झाली. हिच्याबाहेरची कामे अशी : टाकी घासणे अर्धा दिवस, पंखे व दिवे अर्धा दिवस, अंथरुणे १ दिवस, धान्य वाळविणे व निवडणे २ दिवस, डबे व भांडी १ दिवस. यांची बेरीज ५ दिवस होते.

सर्व कामे एकामागून एक केली, तर १२ दिवस लागतील. एकच व्यक्ती काम करीत असेल, तरी भिंत वाळण्याच्या दोन दिवसांत तिला अन्य दोन दिवसांची कामे उरकता येतात. म्हणजे १० दिवस पुरतात. दोन माणसे असतील, तर सर्व काम ७ दिवसांत संपते. परंतु माणसे कितीही वाढविली, तरी या साखळीमुळे ७ दिवसांहून कमी काळात ते संपणार नाही. भांडी घासण्यास आणखी दोघे बसविले, म्हणून सणापूर्वीचा एकही दिवस वाचत नाही. भिंत खरवडण्याचे काम एक दिवस आधी सुरू झाले, तर मात्र संपूर्ण दिवस वाचतो.

येथे महत्त्व आणि क्रम यांतील भेद स्पष्ट होतो. टाकी घासणे हे सर्वांत महत्त्वाचे काम असूनही ते या साखळीत नाही; कोणत्याही दिवशी ते होऊ शकते. आणि जे काम कधीही होऊ शकते, ते नेमके राहून जाण्याचा संभव असतो. त्यासाठी अशा कामांची तारीख आधीच मुक्रर करावी, आणि ती पहिल्या दोन दिवसांतलीच असावी. भिंतीचा रंग हे तिसऱ्या वर्गातील काम. पण ते करावयाचे ठरविल्यास त्याची साखळी पहिल्याच दिवशी सुरू करणे भाग आहे. वेळ नसेल, तर अर्धवट रंग देण्यापेक्षा ही साखळीच त्या वर्षापुरती वगळणे श्रेयस्कर.

काही धोके

स्वच्छतेच्या काळात होणारे अपघात बहुतांशी टाळता येण्याजोगे असतात. शौचालय धुण्याच्या कित्येक द्रवांत हायड्रोक्लोरिक अम्ल असते. ते ब्लीचिंग पावडरशी किंवा तिच्या द्रावणाशी मिसळल्यास क्लोरीन वायू बाहेर पडतो. हाच विषारी वायू १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून वापरला गेला होता. लहानशा बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. तेव्हा दोन स्वच्छताद्रव्ये कधीही एकत्र करू नयेत व दार-खिडकी उघडी ठेवावी.

कळीचा चुना पाण्यात टाकला, की पुष्कळ उष्णता निर्माण होते व पाणी उसळते. चुना हळूहळू पाण्यात टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये. त्याचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टीला धोका असतो; अशा वेळी डोळा ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे. जुन्या घरांतील दारे-खिडक्यांच्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले. त्यापूर्वीचा रंग कोरडा खरवडल्यास शिशाची धूळ उडते व ती लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. असा रंग ओला करून खरवडावा आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थॅलिनची वाफ काही तान्ह्या मुलांना, विशेषतः जन्मतः एका विकराची कमतरता असलेल्यांना, घातक ठरते व त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. तान्ह्याच्या कपड्यांत या गोळ्या ठेवू नयेत. पंखा पुसण्यापूर्वी विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि शिडी धरण्यास एक माणूस खाली उभा असावा.

श्रमांची वाटणी

यादी आणि साखळी कागदावर उतरविण्याचा आणखी एक लाभ आहे. घरातील कामे जोपर्यंत एकाच व्यक्तीच्या मनात असतात, तोपर्यंत त्यांचा भार इतरांना दिसत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दररोज सरासरी २९९ मिनिटे खर्च होतात. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. वार्षिक स्वच्छतेचा बोजा या नित्याच्या कामांवर आणखी चढतो. अमेरिकेतील अभियंता व मानसशास्त्रज्ञ लिलियन गिलब्रेथ (१८७८–१९७२) यांनी कारखान्यांतील श्रम-अभ्यासाची पद्धत स्वयंपाकघराला लावून दाखविली आणि वारंवार लागणाऱ्या वस्तू हाताशी ठेवल्यास किती पावले वाचतात, हे मोजले. अशा मोजणीने गृहिणीच्या श्रमांकडे श्रम म्हणून पाहण्याची दृष्टी येते. भिंतीवर लावलेल्या कागदावर प्रत्येक कामासमोर ते करणाऱ्याचे नाव लिहिले, तर आजोबांना धान्य निवडता येते, मुलांना कुंड्यांखालच्या बश्या रिकाम्या करता येतात आणि टाकीत उतरण्याचे काम घरातील धडधाकट माणसावर सोपविता येते.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थ्यांनी आपल्या घरी दोन सोपे प्रयोग करून पाहावेत. काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्यांवर तेलाचा पातळ थर द्यावा. कोरड्या केरसुणीने झाडलेल्या खोलीत एक व ओल्या फडक्याने पुसलेल्या खोलीत दुसरी, अशा त्या एक तासभर ठेवाव्यात आणि भिंगातून दोहोंवरील धूळ पाहावी. दुसरा प्रयोग निरीक्षणाचा आहे. घराच्या आत व भोवती पाणी साचू शकेल अशा सर्व जागा मोजाव्यात, त्यांची नोंद वहीत तारखेसह करावी आणि दर आठवड्याला त्यांपैकी किती कोरड्या आढळल्या, हे चार आठवडे लिहीत जावे. वर्गातील सर्वांच्या नोंदी एकत्र केल्यास आपल्या वस्तीत डासांना आश्रय कोठे मिळतो, याचा नकाशाच तयार होईल. तो शाळेच्या फलकावर लावावा व पुढील पावसाळ्यापूर्वी पुन्हा पडताळून पाहावा.